उजेडातला उपास

टेबलावरच्या पांढऱ्या चादरीखाली, गव्हाणीत जन्मलेल्या बाळाची खूण म्हणून, वाळलेलं गवत पसरून झालं, चादरीच्या कडा ओढून सारख्या केल्या, मधोमध मेणबत्ती उभी राहिली, आणि खिडकीतून आलेलं ऊन त्या सगळ्यावर असं काही आडवं पडलं की काडी ओढायला निघालेला लुद्विकाचा हात तसाच थबकला. पेटवली असती तरी त्या उन्हात ज्योत दिसली नसती. चार वाजले होते. तार्नोपोलच्या पोलिश घरात नाताळच्या आदल्या दिवशी चार वाजले की आई स्वयंपाकघरातून हाक द्यायची, ‘पोरींनो, बघा गं बाहेर, आला का?’ आणि दिवसभराच्या उपासाने हलक्या झालेल्या दोघी बहिणी काचेवरचं बर्फ नखाने खरवडून तेवढ्या भोकातून पहिला तारा शोधायच्या. तारा दिसल्याशिवाय घास नाही, ही रीत. तारा येई, बर्फ निळं होई, आणि आई मेणबत्ती पेटवी. इथे, पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडच्या होबार्टच्या डोंगरावर सूर्य अजून चांगला वर होता. त्याला कसलीच घाई नव्हती. दुसऱ्याच्या घरी पाहुणा येऊन, पाय पसरून बसलेल्या सुखवस्तू माणसासारखा तो टेबलावर, ताटांवर, तिच्या हातांवर ऐसपैस पसरला होता.

आपण सूर्याचा विचारच केला नाही, हे लुद्विकाच्या त्या क्षणी लक्षात आलं आणि तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. लढाईपूर्वी ती शाळेत भूगोल शिकवत असे. सफरचंदात विणायची सुई खुपसून, ती तिरपी धरून, सफरचंद मेणबत्तीभोवती फिरवत ती मुलींना सांगे, ‘हा आपला हिवाळा. आणि त्याच वेळी इथे, या खालच्या बाजूला, उन्हाळा.’ त्या खालच्या बाजूला माणसं राहतात, त्यांच्याही घरात स्वयंपाकघरं असतात, हे तिने कधी सांगितलं नव्हतं, कारण ते तिला खरं वाटतच नव्हतं. आता ती तिथेच, सफरचंदाच्या बुडापाशी, हातात काड्यापेटी घेऊन उभी होती. नाताळ उन्हाळ्यात येणार हे तिला ठाऊक होतं. गवत त्या हिशेबाने ताजं कापून वाळवलं होतं, फळांचं पन्हं तळघरात गार करायला ठेवलं होतं. पण उन्हाळ्यात तारा उशिरा दिसतो, एवढी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती. रीत पाळायची ठरवताना तिने आकाश जुनंच धरलं होतं.

तिच्या नवऱ्याला, वितोल्दला ते सुचलं होतं. तो या देशात तिच्या आधी वर्षभर आलेला, वरच्या पठारावर धरणाचं काम करणारा. गेल्या रविवारी बुटांना तेल लावता लावता तो म्हणाला होता, ‘‘लुद्का, इथं लोक नाताळला भर दुपारी जेवतात. आपण साडेसहाला बसू. तारा आला असं समजू.’’

‘‘समजू म्हणजे?’’

‘‘म्हणजे समजू. तारा तर दिवसाही असतोच की वर. दिसत नाही एवढंच. हे तूच शिकवत होतीस ना शाळेत?’’

‘‘शाळेत शिकवत होते. जेवणाच्या टेबलावर नाही.’’

तो हसला होता, आणि त्या हसण्यात नऊ वर्षांपूर्वीचा दात दिसला नव्हता. तो दात कुठल्यातरी वाळवंटात पडला होता. सप्टेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा त्यांची मुलगी इर्का दोन महिन्यांची होती. तिच्या टाळूवर ओठ टेकवून गेलेला वितोल्द देशोदेशींच्या पलटणींतून फिरला, आणि इकडे त्याच्या बायकोला, मुलीला, सासूला चढून आलेल्या शिपायांनी आगगाडीच्या गुरांच्या डब्यात घालून पूर्वेकडच्या ओसाड मुलखात नेऊन टाकलं. मग इराण, मग कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणी, आणि मग इथल्या बंदरावरची ती सकाळ, जेव्हा टोपी हातात धरलेल्या एका पोक्त माणसाकडे बोट दाखवून लुद्विकाने मुलीला सांगितलं, ‘‘हे तुझे बाबा.’’ इर्काने वाकून नमस्कार केला होता. त्याला आता चार महिने होत आले, पण ती अजून त्याला हाक मारत नसे. काही हवं असलं तर त्याच्यासमोर जाऊन उभी राही आणि त्याने पाहीपर्यंत थांबे.

वितोल्द चार वाजेपर्यंत येणार होता. पठारावरून माणसं आणणारा ट्रक दोनला निघतो, आणि तो मासे घेऊन येणार होता, कारण त्या रात्री माशाशिवाय पान मांडत नाहीत. पाच वाजले तरी रस्ता रिकामाच होता.

‘‘आई, आला का?’’ मागच्या पायरीवरून इर्काने विचारलं. ट्रक, की बाप, की तारा, ते तिने म्हटलं नाही. ‘आई’ हा शब्द वळिवड्याचा. पोलिश मूल आईला ‘मामा’ म्हणतं; छावणीच्या कुंपणाशी पेरू विकायला येणारी तानूबाई ते ऐकून पोट धरून हसली होती, ‘‘अगं, आईला मामा म्हणतीस व्हय? मग मामाला काय, आई?’’ त्या दिवसापासून इर्काने ‘मामा’ टाकलं ते टाकलंच.

‘‘नाही अजून. भूक लागली का गं?’’

‘‘नाही,’’ इर्का म्हणाली. आणि थोड्या वेळाने, ‘‘पोटात आवाज होतोय फक्त.’’

लुद्विका आत येऊन उगाचच झाकणं उचलून पाहू लागली. बिटाचं सार लालभडक, निवळ. कोबी भरलेल्या करंज्या. शेवयांत घालायची खसखस कोल्हापूरच्या बाजारातून बांधून आणलेली. घरी ती काळी असे, ही पांढरी, आणि मधात कालवल्यावर वाळूसारखी दिसत होती. शेजारच्या कपाटात पाव, लोणी, साखर. हे सगळं असताना एक मूल पायरीवर उपाशी बसलं होतं. ही माझी रीत आहे की माझा हट्ट, असं तिच्या मनात आलं, आणि तो विचार माशीसारखा पुनःपुन्हा त्याच जागी येऊन बसू लागला. त्या ओसाड मुलखात, मातीच्या झोपडीतल्या पहिल्या हिवाळ्यात, याच संध्याकाळी असंच झालं होतं. पावाचा एक गोठलेला तुकडा आईने फडक्यात गुंडाळून पोटाशी धरला होता. इर्का रडत होती आणि लुद्विका ओरडली होती, ‘‘दे तिला! देव काही मोजत बसला नाही वर.’’ आई, जी पुढचा वसंत पाहणार नव्हती, दाराच्या फटीशी डोळा लावून शांतपणे म्हणाली होती, ‘‘दिवसभर आपण त्यांच्या रांगेत उभ्या राहतो, लुद्का. पावासाठी, लाकडासाठी, हजेरीसाठी. ती वाट ते पाहायला लावतात. ही एकच वाट आपली आहे. एवढी पाहू दे मला.’’ आणि तिथे तारा तरी वेळेवर यायचा. दिवस कलला न कलला तोच यायचा, कडक, पांढरा, एखाद्या खिळ्यासारखा. तारा वेळेवर होता, अन्न नव्हतं. इथे अन्न तयार होतं आणि तारा येत नव्हता. लुद्विकाने सारावरचं झाकण परत ठेवलं. भुकेला तिने नऊ वर्षांत पुष्कळ रूपांत पाहिलं होतं, पण भरल्या घरात, स्वतःच्या मर्जीने, दाराशी येऊ दिलेली भूक ती प्रथमच पाहत होती. ती जवळजवळ पाहुणीसारखी दिसत होती.

टेबलावर चार ताटं होती. तिघांची तीन आणि चौथं रिकामं, अनाहूतासाठी. त्या संध्याकाळी दारात जो येईल त्याच्यासाठी. असं ताट ती जन्मभर मांडत आली होती, पण गेली नऊ वर्षं ते अनाहूताचं नव्हतं. झोपडीत ते जमिनीवर बोटाने काढलेलं वर्तुळ होतं, वळिवड्यात ते कल्हईचं होतं, आणि दर वर्षी ते वितोल्दचं होतं, हे तिला आणि देवाला ठाऊक होतं. आज प्रथमच वितोल्दला त्याचं स्वतःचं ताट मिळणार होतं आणि ते चौथं पुन्हा कुणाचंही नसल्यामुळे कुणाचंही होऊ शकणार होतं. म्हणूनच सहा वाजून गेले तसं तिला त्या ताटाकडे पाहवेना. ऊन त्याच्यावरून सरकून वितोल्दच्या खुर्चीवर गेलं होतं. दोन्ही जागा सारख्याच रिकाम्या दिसत होत्या.

दारावर थाप पडली. दारात शेजारच्या मिसेस पेनिकॉट उभ्या होत्या: पातळ फुलाफुलांचा झगा, घामाने ओलं कपाळ, आणि दोन्ही हातांत, टॉवेलखाली, भाजलेल्या डुकराची अख्खी मांडी. लवंगा टोचलेली, साखरेने चकाकणारी. वास त्यांच्याआधी घरात शिरला.

‘‘लुसी, बाई, काही बोलू नकोस,’’ त्या म्हणाल्या. लुद्विका हे नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नव्हतं. ‘‘हे घे आणि आधी त्या पोरीला घास भरव. आमच्यात लाज धरायची पद्धत नाही.’’

‘‘मला समजलं नाही,’’ लुद्विका आपल्या पुस्तकी इंग्रजीत म्हणाली.

‘‘कुंपणापलीकडून मी विचारलं पोरीला, सकाळपासून काय खाल्लंस? तर म्हणाली, काही नाही. आई देत नाही. का देत नाही? तर म्हणे, बाबा नाहीत, आधी स्टार, मग जेवण.’’ मिसेस पेनिकॉटनी आवाज खाली आणला. ‘‘काळजी करू नकोस. आल्फला पाठवलंय मी. कॉलर धरून आणील तो.’’

‘‘कुणाला?’’

‘‘तुझ्या नवऱ्याला, गं. स्टारमधून. सणासुदीचा पगार घेऊन सगळे तिथंच बसतात. माझा आल्फ काय कमी होता तरुणपणी?’’

कोपऱ्यावर दारूचं दुकान होतं. त्याच्या पाटीवर एक रंगवलेला तारा होता, आणि नाव होतं ‘स्टार’. लुद्विकाच्या गालांवर एकदम ऊन चढलं. तिच्या पाठीमागे इर्का येऊन उभी होती. त्या मांडीकडे पाहत होती आणि पाहत नाही असं दाखवत होती. तिने आईच्या कानाशी पोलिशमध्ये विचारलं, ‘‘आई, आपण इथं पण निर्वासित आहोत का?’’

त्या शब्दाला वास होता. जंतुनाशकाचा, उकळलेल्या कोबीचा, दान आलेल्या कोटांतल्या दुसऱ्यांच्या घामाचा. तेहरानच्या तंबूत, कराचीच्या धक्क्यावर, वळिवड्याच्या स्टेशनात भली माणसं अशीच टॉवेलखाली काहीतरी झाकून आली होती, आणि लुद्विकाने ते वाकून घेतलं होतं, दरवेळी, मनापासून आभार मानून. पाठीला वाकायची सवय लागली की ती हाडांत उतरते. आता फक्त हात पुढे करायचे होते. मूल जेवलं असतं, बाई सुखाने घरी गेली असती, आणि तारा कधी आला ते कुणाला कळलंही नसतं.

‘‘मिसेस पेनिकॉट,’’ ती म्हणाली, ‘‘आत या. कृपा करून.’’

तिने त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि एकेक झाकण उघडत गेली. सार. करंज्या. शेवया. पन्हं. कपाट उघडलं: पाव, लोणी. मिसेस पेनिकॉट मांडी हातात धरून पाहत राहिल्या.

‘‘मग पोर उपाशी का?’’

लुद्विकाने खिडकीतून वर, लख्ख निळ्या आकाशाकडे बोट दाखवलं. ‘‘कारण तो तारा अजून आलेला नाही. तो आला की आम्ही जेवतो. माझी आई, तिची आई, सगळ्या अशाच जेवल्या.’’

मिसेस पेनिकॉटनी आकाशाकडे पाहिलं. मग लुद्विकाकडे. मग त्यांची मान खालून वर लाल होत गेली.

‘‘अरे देवा,’’ त्या पुटपुटल्या. ‘‘आणि मी आल्फला गुत्त्यात पाठवलं.’’

आधी इर्काच्या तोंडून हसू निसटलं. मग लुद्विका हसली. इतक्या मोठ्याने, की तिलाच तो आवाज परका वाटला. त्या घरात तो आजवर कुणी काढला नव्हता. मिसेस पेनिकॉटही हसू लागल्या, पण डोळे दाराकडे होते. ‘‘मी निघते. मूर्ख बाई मी. हे घेऊन जाते.’’

‘‘हे उद्याचं,’’ लुद्विका म्हणाली आणि मांडी त्यांच्या हातातून घेऊन तळघराच्या पायरीवर, पन्ह्याशेजारी ठेवून आली. ‘‘उद्या आम्ही आनंदाने खाऊ. आज मांस नाही. आणि आज तुम्ही कुठेही जायचं नाही. तुमचं ताट मांडलेलं आहे.’’

‘‘माझं? तुला कसं ठाऊक मी येणार?’’

‘‘ठाऊक नव्हतं. म्हणूनच मांडलं होतं.’’

मिसेस पेनिकॉट त्या चौथ्या खुर्चीवर टेकल्या, देवळातल्या बाकावर टेकावं तशा, अर्ध्या. सात वाजले. सूर्य डोंगरामागे गेला, पण उजेड जाईना. रात्र व्हायला हवी हे तो विसरूनच गेल्यासारखा होता. लुद्विका दारात उभी होती. तिला आता त्या ताटाकडे पाहता येत होतं. त्याच्यामागे घाम पुसणारी, खरीखुरी बाई बसली होती. फक्त वितोल्दची खुर्ची उरली होती. आणि त्या एका खुर्चीने सगळी खोली एका बाजूला कलल्यासारखी वाटत होती.

रस्त्याच्या वळणावर दोन माणसं दिसली. एक आल्फ पेनिकॉट, टोपी मागे सरकलेली, चाल थोडी रुंद. दुसरा वितोल्द, गुडघ्यांपर्यंत धुळीने पांढरा, हातात नेच्याच्या ओल्या पानांत गुंडाळलेलं काहीतरी.

‘‘सापडला!’’ आल्फ लांबूनच ओरडला. ‘‘पण स्टारमध्ये नव्हता, बरं का. मी नीट पाहिलं. दोन वेळा पाहिलं.’’

‘‘वासावरून कळतंय कितीदा पाहिलंस ते,’’ मिसेस पेनिकॉट खुर्चीतूनच म्हणाल्या.

‘‘ट्रकचं चाक बसलं,’’ वितोल्द म्हणाला. त्याने नेच्याची पानं उलगडली. पठारावरच्या तळ्यातले ठिपकेदार मासे अजून ओले होते. मग त्याने आकाशाकडे पाहिलं, रिकाम्या ताटांकडे पाहिलं, मुलीच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. ‘‘लुद्का, तुम्ही अजून...’’

‘‘तारा आला नाही.’’

तिला वाटलं आता तो म्हणेल, समजू. पण त्याने अंगणातल्या नळाखाली हात, तोंड, मान धुतली आणि ओल्या बोटांनी केस मागे सारले. ‘‘मग मासे साफ करायला वेळ आहे,’’ तो म्हणाला आणि चाकू घेऊन पायरीवर बसला. इर्का त्याच्या शेजारी बसली. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

मासे तळून झाले. आल्फसाठी सामानाचं खोकं उपडं घातलं, पण ताट उरलं नव्हतं. लुद्विकाने आपलं ताट उचलून त्याच्यापुढे ठेवलं. वितोल्दने आपलं ताट सरकवून दोघांच्या मध्ये आणलं. नऊ वर्षांनी ती दोघं एका ताटात जेवणार होती. आता टेबलाभोवती पाच माणसं बसून होती, समोर गरम अन्न, आणि कुणी हात लावत नव्हतं. आल्फने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. बाहेर कुठेतरी मुलं गवतावर चेंडू खेळत होती, कुणाच्या तरी खिडकीतून गाणी येत होती. आत चादरीखालचं गवत उबेने वास सोडत होतं. तार्नोपोलला ते गवत उन्हाळ्याची आठवण असे. इथे उन्हाळाच चादरीखाली होता आणि आठवण वर, माणसांच्या रूपाने, ताठ बसलेली होती. लुद्विकाच्या मनात आलं, इथे येताना आपण काही घेऊन आलो नाही असं मला वाटत होतं. पण ही पाच माणसांची शांतता मी आणली. ती कुणी मला दान दिली नव्हती. ही परकी, मोठ्या आवाजाची, भली माणसं माझ्या वाटेत येऊन बसली आहेत, आणि आज माझ्या आईच्या आज्ञेत आहेत.

‘‘मी बघून येते,’’ इर्का म्हणाली आणि बाहेर गेली.

आकाश राखाडी-हिरवं झालं होतं. झाडं काळी व्हायला लागली होती. मग अंगणातून इर्काची हाक आली, आणि ती हाक आईला नव्हती.

‘‘बाबा! बाबा, तू ये ना! आला!’’

खुर्ची पडली ती वितोल्दची. लुद्विका त्याच्यामागून दारात आली. पेनिकॉटांच्या धुराड्यावर, दक्षिणेला, चांगला उंच, एकच एक तारा होता. वितोल्द मुलीच्या मागे उभा होता. तिचा हात त्याच्या ओल्या बाहीत अडकलेला होता आणि दोघांनाही ते कळलेलं नसावं.

‘‘कानोपुस,’’ तो हळू म्हणाला. ‘‘मी ओळखतो याला. लिबियात पहाऱ्यावर असताना दिसायचा. अगदी खाली, वाळूला टेकलेला. घटकाभर दिसायचा आणि जायचा.’’

‘‘हा अगस्ती आहे,’’ इर्का म्हणाली. ‘‘वळिवड्याला पण दिसायचा, आमराईच्या शेंड्यावर. तानूबाईनं सांगितलंय. तो ऋषी होता. डोंगराला म्हणाला, मी येईपर्यंत वाकून राहा, आणि दक्षिणेला गेला. आणि परत आलाच नाही. ती म्हणायची, तो कुठं गेला कुणाला ठाऊक.’’

लुद्विकाने त्या ताऱ्याकडे पाहिलं. घरून तो कधीच दिसला नव्हता. तार्नोपोलच्या आकाशात तो उगवतच नाही. तिने मनातल्या मनात ते जुनं सफरचंद हातात घेतलं, सुई तिरपी केली, फिरवलं. ‘‘इथे तो मावळतच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘वर्षभर. कधी उंच, कधी खाली, पण मावळत नाही.’’

मग इर्का बोलली ते पोलिशमध्ये नव्हतं, नव्या इंग्रजीतही नव्हतं. कुंपणाशी पेरू खात शिकलेल्या मराठीत होतं.

‘‘म्हंजे त्यो हितंच ऱ्हायला आलाय, आई.’’

वितोल्दला त्यातलं अक्षर कळलं नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. लुद्विकाने फक्त पाठ ताठ केली, आत वळली, आणि काडी ओढली. आता ज्योत दिसली. मिसेस पेनिकॉटचा चेहरा उजळला, आल्फचा, चार ताटांच्या कडा उजळल्या. तिने पापडासारखी पातळ, पांढरी, धर्मगुरूंनी दिलेली पवित्र पोळी दोन्ही हातांत धरली आणि दाराकडे पाहून, आईच्या आवाजात, म्हणाली:

‘‘चला. जेवायची वेळ झाली.’’